वानोळा

१

मी ढगांचे फोटो काढतो. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "बरं, आणि पोटापाण्याचं काय?" पोटापाण्यासाठीही हेच करतो. कॅलेंडरवाल्यांना पांढरे ढग लागतात, विमा कंपन्यांना काळे. जूनच्या पानासाठी दरवर्षी हिरवा डोंगर आणि छत्रीवाली बाई मागतात, मी दरवर्षी देतो. अर्धं आयुष्य यात गेलं, आता वीट आलाय. वादळाचा नाही हो, वादळापर्यंत जाण्याचा. एसटीची मागची सीट, लॉजवरच्या दमट गाद्या, गुडघे. आणि वादळ म्हणजे तरी काय, चार दिवस टपरीवर चहा पीत आभाळाकडे बघत बसायचं आणि ते शेजारच्या तालुक्यात होऊन जायचं.

लग्न झालं होतं. उन्हाळा-पावसाळा वर बघत फिरणाऱ्या माणसाबरोबर कोण राहील, असं ती म्हणाली. आणि ती गेली. असो.

तर गेल्या दोन उन्हाळ्यांपासून मी वादळांमागे धावणं सोडलं. माझा फ्लॅट हिंजवडीत. तिथून गाडी काढायची, मुळशीत माले गावात हैबतरावांच्या गच्चीवरची खोली भाड्यानं घ्यायची आणि वळवाच्या पावसाची वाट बघत पडून राहायचं. समोर भातखाचरं, लांबवर धरणाचं पाणी, त्यापलीकडे डोंगर. दुपार कलली की ढग आपणहून कामावर येतात. त्यांना यायचं नसेल तर मी झोपतो.

अडचण एकच होती. माझा हंगाम आणि हैबतरावांच्या मंडळींचा, म्हणजे सगुणाबाईंचा, वाळवणाचा हंगाम एकच. अर्ध्या गच्चीवर माझा ट्रायपॉड, अर्ध्या गच्चीवर त्यांच्या कुरडया. रोज सकाळी जिन्यातून हाक यायची, "ओ फोटोवाले, आज घालू का वाळवण?"

"घाला वहिनी, पाच वाजेपर्यंत काही नाही."

एकदा माझा अंदाज चुकला आणि पापड भिजले. त्या दिवशी चहा आला नाही. वेधशाळेला लोक निदान तोंडावर बोलत नाहीत.

२

ज्या दिवशी हे सगळं सुरू झालं, त्या दिवशीही मी ‘पाचपर्यंत काही नाही’ असंच सांगितलं होतं.

जेवण करून मी कॅमेरा पाण्याच्या टाकीजवळ लावला. वीज चमकली की तो आपोआप फोटो काढतो, मला काही करावं लागत नाही. मोबाइल कठड्यावर टेकवून व्हिडिओ चालू केला आणि खोलीत जरा आडवा झालो. जाग आली ती वाऱ्यानं. अख्खं आभाळ डोंगरावरून अलीकडे आलं होतं. पहिले थेंब पडले आणि जिन्यावर धावती पावलं वाजली.

गौतमी वर आली. हैबतरावांची सून, कासारसाईची पोर, सहावा महिना लागलेला. तिचा नवरा हनुमंत हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो, त्यामुळे दिवसभर घरात ती, सासू आणि सासरे. मागून सगुणाबाईंचं ओरडणं चालू होतं, "अगं, पळू नगंस! जाऊ दे त्या कुरडया!" पण जाऊ दे म्हणणं सोपं असतं. गहू भिजवून, चीक काढून, तो शिजवून केलेली वस्तू.

"काका, हे टोक धरा!" गौतमी म्हणाली.

कुरडया जुन्या सुती साडीवर पसरल्या होत्या. मी दोन टोकं धरली, तिनं दोन, आणि आम्ही ती साडी झोळीसारखी उचलली. तेवढ्यात वीज झाली.

मी पुष्कळ विजा पाहिल्यात. ही डोक्यावरच होती. साडी, कठडा, तिचा चेहरा, सगळं पांढरं झालं आणि पुन्हा दिसायला लागलं. माझ्या अंगात एक सवय भिनलेली आहे. वीज दिसली की आकडे मोजायचे. गडगडाट जितका उशिरा, तितकी वीज लांब. इतक्या जवळच्या विजेला मोजायलाही वेळ मिळत नाही, पण सवय ती सवय. मी मोजायला लागलो आणि मोजतच राहिलो. साडी खोलीत नेली, कुरडया कॉटवर ओतल्या, दार लावून घेतलं. मी अजून मोजतच होतो.

मग खालून भांडी कोसळल्याचा आवाज आला आणि सगुणाबाई किंचाळल्या.

त्या जिन्यातून धडपडत वर आल्या. "आगं बया, हायेस ना गं तू? किती वंगाळ आवाज झाला! माजा तर जीवच गेला!"

"कसला आवाज, आत्याबाई?" गौतमी म्हणाली.

सगुणाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग गौतमीनं माझ्याकडे बघितलं.

"काका, तुमी ऐकला का?"

मी नाही म्हणालो.

३

खाली मांडणीवरची ताटं, वाट्या, पातेली सगळी फरशीवर आली होती. खिडकीच्या काचेला आडवी चीर गेली होती. कुत्रं पलंगाखाली शिरलं होतं, ते भाकरी दाखवूनही बाहेर येईना. आणि आम्ही दोघं येड्यासारखे दारात उभे.

"तुमच्या कानाला दडा बसला आसंल," हैबतराव म्हणाले. "लई जवळ पडली की बसतो."

हे मलाही पटलं. पण ताटं पडलेली ऐकू आली होती. पाऊस ऐकू येत होता. कानाला दडा बसला तर तो काय निवडून बसतो?

पाऊस थांबला तसे हैबतराव वीज कुठं पडली ते बघायला निघाले. हे गावात सगळेच करतात. कुणाचं झाड गेलं, कुणाचं जनावर गेलं, बघावं लागतं. मीही कॅमेरा गळ्यात घालून त्यांच्यामागून चिखलातून हिंडलो. घरामागचा आंबा धड होता. जांभूळ, विजेचा खांब, गोठा, शेजारच्या शेताच्या बांधावरचा साग, सगळं धड. जळाल्याचा वासही कुठं नाही. अंधारून येईपर्यंत हैबतराव हिंडले आणि परत येऊन ओसरीवर बसले.

"कुटंच न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई कशी?" सगुणाबाई म्हणाल्या. "पडल्याबिगर एवढा आवाज हुतोय व्हय? पडलीया तर कुटंतरी आसंलच की."

मग मला मोबाइलची आठवण झाली. कठड्यावर तो भिजला होता, पण चालू होता आणि व्हिडिओ शाबूत होता. मी ओसरीवर सगळ्यांच्या मधे तो लावला. वाऱ्याचा आवाज, थेंबांचा आवाज, ‘काका, हे टोक धरा.’ मग पडदा पांढरा झाला.

सगुणाबाईंनी दोन्ही हातांनी कान झाकले. हैबतरावांच्या हातातला चहा बशीत सांडला. पलंगाखालचं कुत्रं केकाटत अंगणात पळालं.

मला नुसता पाऊस ऐकू येत होता.

मी गौतमीकडे बघितलं. ती लसूण सोलत बसली होती. तिचा हात जरासुद्धा हलला नव्हता. सगळ्यांचे चेहरे बघून तिनं विचारलं, "झाला का आवाज?"

४

माणूस म्हणून मी संशयी आहे. या धंद्यात राहावंच लागतं. रोज कुणीतरी ढगात देव दिसल्याचा फोटो पाठवतं आणि मला सांगावं लागतं, बाबा रे, लेन्सवर थेंब आहे. तेव्हा मी आधी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. हेडफोन लावून टूंटूं ऐकवलं, कागद काढला, म्हणाले, वयाच्या मानाने छान आहेत. त्यानंतरच्या दोन पावसांत मला बाकी सगळे गडगडाट नीट ऐकू आले. फक्त तो एक व्हिडिओ लावला की पाऊसच ऐकू यायचा. टपरीवर एकाला ऐकवला, तर तो दचकून म्हणाला, "आवाज कमी करा की राव!"

राहिला फोटो. तो मी मुद्दाम उशिरा बघितला, का ते माझं मला माहीत नाही.

फोटो उत्तम होता, अगदी मुखपृष्ठावर शोभेल असा. पुढे कठडा, कठड्यापाशी मी आणि गौतमी, मधे ताणलेली साडी. वर काळं आभाळ आणि त्यातून उतरलेली वीज. फांद्या फुटलेल्या, मधला दांडा जाड. वीज जमिनीकडे येते ती कशाला तरी टेकते. झाडाला, पाण्याला, टेकाडाला. मी हजार फोटो काढलेत, नेहमी टेकते.

ही टेकलेली नव्हती. ती आमच्या डोक्यांवर हातभर अंतरावर येऊन संपली होती. टोक स्पष्ट होतं. खाली साडी, साडीत कुरडया, आणि मधे मोकळी जागा.

कॅलेंडरवाल्या शेखावतला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "दादा, खालचा तुकडा खोडलायस का? जोड की परत, अशी अर्धवट कशी चालेल?"

"बघतो," मी म्हणालो.

५

आठवडाभर काही झालं नाही. मग एका सकाळी गौतमी कपडे वाळत घालायला वर आली आणि दोरीपाशी थांबली.

"काका, ढग तर न्हाईत."

"नाहीत."

"मग गडगडतंय कुटं?"

मी ऐकलं. खरंच होतं. खूप लांब, धरणाच्या पार पलीकडे, वरच्या मजल्यावर कुणी लोखंडी कपाट सरकवत असावं तसं. पण एकदा सरकवून थांबत नव्हतं. सरकवतच होतं.

सगुणाबाईंना ऐकू आलं नाही. हैबतराव म्हणाले, खाणीत सुरुंग लावत असतील. मीही तेच म्हणालो, कारण शहाणा माणूस तेच म्हणतो. खाणीला संध्याकाळी सुट्टी होते. आवाजाला झाली नाही.

तो रोज थोडा जवळ येत होता. मला अंतराचा अंदाज आहे, त्यावरच जगलो. पहिल्या दिवशी डोंगरापलीकडे, मग धरणावर, मग खाचरांवर. आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती येऊ नये म्हणून मी बरेच दिवस टाळलं. गौतमी सासऱ्यांची भाकरी घेऊन शेतावर गेली की आवाज मागे सरायचा. ती चहा घेऊन जिना चढायला लागली की वाढायचा. एके दिवशी ती माझ्या दारात उभी राहून कप पुढे करत होती. मी घ्यायला हात लांब केला आणि खाली मांडणीवरची ताटं किणकिणायला लागली. मी हात मागे घेतला.

"तिथंच ठेव कट्ट्यावर," मी म्हणालो.

ती कप ठेवून गेली. ताटं थांबली. मी तो चहा प्यायलो नाही.

योगायोग म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग एक काम आलं म्हणून सोलापूरकडे जाऊन आलो. तिकडे अगदी शांत. लॉजची गादी नेहमीप्रमाणे दमट होती, पण मी मेल्यासारखा झोपलो. परत येताना पौड सोडलं आणि गाडीच्या काचा थरथरायला लागल्या.

त्याच दिवशी मी खोली रिकामी करायचं ठरवलं.

६

आता तुम्ही म्हणाल, सांगायचं होतंस की तिला. काय सांगू? दुसऱ्याची सून, पोटुशी, भोळी. तिला सांगू, की बाई, आपल्या दोघांवर एक वीज पडायची राहिलीय, ती अर्ध्या वाटेत आहे, तेव्हा माझ्यापासून लांब राहा? हनुमंतानं माझं थोबाड फोडलं असतं आणि बरोबर केलं असतं. आणि खरं सांगू? माझा स्वतःचाही पुरता विश्वास नव्हता. निम्मा होता. निम्म्या विश्वासावर माणूस स्वतः पळू शकतो, दुसऱ्याला घाबरवू शकत नाही.

सगुणाबाईंना वाईट वाटलं. "हंगाम संपला न्हाई न् निगालात? आमचं काय चुकलं का?"

"छे छे वहिनी, गुडघे दुखतात. जिना झेपत नाही."

"कुरडया नीट वाळू द्या, वानोळा पाठवीन. तुमी हुतात म्हणून वाचल्या."

"कशाला उगाच."

"कशाला म्हंजी?" त्या खरोखर चिडल्या. "घरचं वाळवण झालं की जवळच्या मान्साला पयला वाटा जातो. तुमी काय परके हाय का?"

गौतमी दारात उभी होती. मी गाडीत सामान भरताना ती अंगणाच्या कडेला आली आणि हळूच म्हणाली, "काका, तुमी गेल्यावर मला एकटीलाच ऐकू यील हो ते."

"नाही येणार," मी म्हणालो. "थांबेल बघ."

आणि जवळजवळ थांबलं. हिंजवडीतल्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर, कॅबच्या हॉर्नमध्ये आणि शेजारच्या ड्रिलमध्ये ते बुडून जायचं. ती मालेला, मी इथं, मधे डोंगर. मी पंखा लावून पडून राहायचो. खूप वर्षांनी मला आभाळाकडे बघावंसं वाटत नव्हतं. उरलेला जन्म असाच काढायला माझी ना नव्हती. तिचं बाळंतपण सुखरूप व्हावं, तिनं सासरी नांदावं, मी तिकडे फिरकू नये. एवढंच तर करायचं होतं.

तिचा एकदा फोन आला. "काका, आता लई कमी झालंय. तुमाला येतंय का ऐकू?"

"काही नाही," मी खोटं बोललो. "बिलकूल काही नाही."

७

ती दुपार मे महिन्याच्या अखेरीची. ऊन असं की बाल्कनीत पाय ठेववत नव्हता. मी वरणभात खाऊन लवंडलो होतो आणि ओट्यावरचे दोन पेले एकमेकांना लागून वाजायला लागले.

मी उठलो नाही. ट्रक गेला असेल म्हटलं. मग आवाज आला, तो लांबचा, पण नेहमीपेक्षा जवळ. रडार बघितलं, सगळ्या जिल्ह्यावर ढगाचा ठिपका नाही. पेले वाजतच होते. मी ते उचलून पलंगावर ठेवले, तर कपाटाची काच वाजायला लागली.

मी सगुणाबाईंना फोन लावला. "वहिनी, गौतमी कुठंय?"

"आवो, तुमच्याकडंच निगालीया की! कासारसाईला चाललीय माहेरी, सातवा लागला न्हवं. म्हनलं वाटंवरच हाय, तर फोटोवाल्यांचा वानोळा दिऊन जा. हनुमंत सोडल गाडीतनं. पोचली न्हाई का अजून?"

गौतमीला फोन लावला, लागेना. हनुमंताला लावला. "सोडली की काका तुमच्या गेटवर," तो म्हणाला, "मला पिकअप हाय, मी निगालो. संध्याकाळी तिला घिऊन जातो. चहा पाजा तिला."

मी चपला शोधत होतो. खाली जाऊन गाडी काढायची आणि वाकडच्या बाजूला सुटायचं, एवढंच डोक्यात होतं. एक चप्पल पलंगाखाली गेली होती. तेवढ्यात बेल वाजली.

दाराच्या भिंगातून बघितलं. ती उभी होती. दोन्ही हातांत पिशवी, पोट पुढे आलेलं. ऊन रणरणत असताना तिनं पावसात घेतात तसा पदर डोक्यावर घेतला होता.

"काका, उघडा लवकर. लई गडगडाय लागलंय. कुरडया भिजतील म्हणून पळत आले."

"पिशवी तिथंच ठेव," मी दारातून ओरडलो. "आणि जा तू."

"काका?"

"जा म्हटलं ना!"

मी भिंगातून बघत होतो. तिला काही समजत नव्हतं. मुळशीवरून उन्हात आलेली बाई, सातव्या महिन्याची, आणि मी दार उघडत नव्हतो. आमच्या सात पिढ्यांत कुणी असं केलं नसेल.

"तुमाला बरं न्हाई का?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "पानी तरी द्याल का, काका?"

मी दाराला कपाळ टेकलं. कडीला हात लावला होता, खरं सांगतो. पण दारच थरथरत होतं. "खाली वॉचमनकडे आहे पाणी," मी म्हणालो. "तिथं पी. आणि रिक्षा करून कासारसाईला जा. लगेच जा. आणि मला भेटायला कधी येऊ नकोस."

ती गेली. लिफ्टचं दार लागल्याचं ऐकू आलं. आवाज किंचित मागे सरला. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, बघायला कोण होतं?

८

मी बाल्कनीतून गेटकडे बघत राहिलो. ती बाहेर येईना. आवाज सरला होता तिथंच अडला होता.

इंटरकॉम वाजला. वॉचमन बिहारचा आहे. "सर, आपके यहाँ जो मॅडम आई थी, इधर ही बैठी है. बोल रही है बहुत बादल गरज रहा है, रुकेगा तो जाऊँगी. सर, मेरे को तो कुछ सुनाई नहीं देता."

"उनको रिक्षा में बिठाओ. अभी."

"डर रही है, सर."

मी डोकं धरून बसलो. बरोबरच होतं तिचं. एवढ्या गडगडाटात बाहेर कोण पडतं? तो थांबेपर्यंत ती जाणार नव्हती आणि ती जाईपर्यंत तो थांबणार नव्हता. खाली जायचं तर तिच्यासमोरून जावं लागणार. राहिला वरचा रस्ता. सात मजल्यांवर आणखी पाच आणि मग गच्ची. पाच मजल्यांचं तरी अंतर वाढेल. मी दार उघडलं. उंबऱ्याबाहेर पिशवी नव्हती; ती घेऊन गेली होती. दार तसंच टाकून मी जिना चढायला लागलो. गुडघे बोंबलत होते.

दहाव्या मजल्यावर तिचा फोन आला.

"काका, मी बाहेर जाऊन बघितलं," ती म्हणाली. "आभाळात कायच न्हाई. नुसतं ऊन हाय. वॉचमनला ऐकू येत न्हाई, कुणालाच येत न्हाई. तुमाला येतंय. तुमी खोटं बोललात. येतंय म्हणूनच मला जा म्हणालात ना?"

"गौतमी, ऐक माझं. रिक्षात बस."

"मला लई भ्या वाटतंय, काका. तुमालाबी वाटतंय. मग दोघांनी दोन जागी कशाला बसायचं? मी येते वर."

"येऊ नकोस!"

फोन बंद झाला होता. खाली कुठंतरी लिफ्ट सुरू झाली.

मी गच्चीवर पोचलो. पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, एका दोरीवर कुणाच्या तरी चादरी. सूर्य पश्चिमेला कलला होता आणि माझी सावली पूर्वेकडे पडली होती. आभाळ कोरं होतं. चाळीस वेळा चाळीस आभाळं पाहिली असतील मी, इतकं कोरं पाहिलं नव्हतं. गडगडाट आता आभाळात नव्हताच. तो पायाखाली होता, टाक्यांमध्ये होता, दातांत होता.

ती जिन्याच्या दारात आली. दम लागला होता, चेहरा घामानं भिजला होता. माझं उघडं दार बघून, जिकडे आवाज वाढतो तिकडे चढत ती वर आली असणार. पिशवी अजून तिच्या हातात होती.

"तिथंच थांब," मी म्हणालो. ओरडायला छातीत हवा उरली नव्हती.

तिनं मान हलवली. शेवटच्या पायरीवरून पाय उचलताना तिचा पदर पायात आला आणि ती पुढे झुकली. पोट पुढे, दोन्ही हात पिशवीत अडकलेले. दाराबाहेर सिमेंटची फरशी. मी काही विचार केला नाही, खरंच नाही. कुणी केला असता? मी धावलो आणि पिशवीचा एक बंद धरला. दुसरा तिच्या हातात होता. त्या आधारानं ती सावरली. ती पडली नाही. एवढं मात्र मी नक्की पाहिलं.

आणि गडगडाट थांबला.

एकदम. दोरीवरच्या चादरी निवांत लोंबत होत्या. खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते. गौतमीनं श्वास सोडला आणि कित्येक दिवसांनी ती हसली.

"थांबला, काका," ती म्हणाली. "मी म्हनलं न्हवतं? एकट्यानं ऐकलं की लई मोठा वाटतो."

आमच्या मधे पिशवी होती, एक बंद तिच्या हातात, एक माझ्या. पिशवीत पांढऱ्याशुभ्र, कडक वाळलेल्या कुरडया दिसत होत्या. त्या हळूहळू अधिकच पांढऱ्या दिसायला लागल्या. मला उजेडातला फरक लगेच कळतो, दुसरं काही येत नाही मला. मी खाली बघितलं. सूर्य पश्चिमेला होता, पण आमच्या सावल्या पूर्वेला राहिल्या नव्हत्या. त्या आखडत आखडत पायाशी आल्या होत्या, भर बारा वाजता येतात तशा.

गौतमीनंही ते पाहिलं. ती मान वर करायला लागली.

"वर बघू नकोस," मी म्हणालो. "माझ्याकडे बघ, बाळा. कासारसाईचं सांग काहीतरी. घरी कोण कोण आहे तुझ्या?"

"आई हाय," ती म्हणाली. "आन् दोन भाऊ."

मी मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली.